थिओडोर मेरॉन आणि युद्धाचा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सशस्त्र संघर्षाच्या कायद्यावर कुठेही चर्चा रंगली, की तासाभरात थिओडोर मेरॉन यांचं नाव निघतंच. मग प्रश्नही ठरलेले असतात. सरकारचा वकील असून सरकारच्या विरोधात मत कसं दिलं? बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाला वंशसंहार म्हणणाऱ्या माणसाने पुढे सेनापतींना निर्दोष कसं सोडलं? या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? विद्यार्थी, पत्रकार आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच मांडलं आहे.

थिओडोर मेरॉन कोण?

जन्म १९३० चा, पोलंडमधल्या कालिश गावी, ज्यू कुटुंबात. शिक्षण जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ, मग हार्वर्ड आणि केंब्रिज. इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाचे कायदा सल्लागार, कॅनडातले राजदूत, त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकेचे नागरिक. २००१ पासून युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या न्यायाधिकरणाचे न्यायाधीश. तिथे ते दोन वेगवेगळ्या कालखंडांत अध्यक्ष होते. युगोस्लाव्हिया आणि रवांडा या दोन्ही न्यायाधिकरणांचं उरलेलं काम पुढे नेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचेही ते पहिले अध्यक्ष, २०१२ ते २०१९. म्हणजे एकाच माणसाने सल्ला दिला, सिद्धांत मांडला आणि निकालही लिहिले. या क्षेत्रात तिन्ही बाजूंनी इतकं काम केलेली माणसं फार थोडी.

त्यांच्या बालपणाचा या कामाशी संबंध आहे का?

आहे, आणि तो त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. युद्ध सुरू झालं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती (घेटो), मग चेंस्तोहोवाची सक्तमजुरीची छावणी, आणि या काळात कुटुंबातली बहुतेक माणसं गेली. १९४५ मध्ये पंधराव्या वर्षी ते पॅलेस्टाइनला पोचले, तेव्हा मधली सगळी वर्षं शाळेविना गेली होती. शिकायची भूक तिथून लागली आणि माणसाला असं वागवलं जाऊ नये म्हणून कायदा काय करू शकतो, हा प्रश्नही तिथूनच आला, असं ते म्हणत आले आहेत.

मात्र त्यांचं सगळं लेखन या एका किल्लीने उघडत नाही. छावणीतून वाचलेले अनेक जण कायद्याकडे वळले, प्रत्येकाची वाट वेगळी झाली. मेरॉन यांच्या लेखनात स्वतःचं दुःख जवळजवळ कुठेच पुढे येत नाही. तिथे कलमं असतात, पुरावे असतात, तळटीपा असतात.

युद्धच वाईट, मग त्याला नियम कसले?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. युद्ध सुरू करणं कायदेशीर होतं का, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शोधायचं. युद्ध सुरू झाल्यावर कोणाला मारता येणार नाही, कैद्याला कसं वागवायचं, ताब्यात घेतलेल्या गावातल्या लोकांचे हक्क काय, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी १९४९ चे चार जिनिव्हा करार आहेत: जमिनीवरचे जखमी, समुद्रावरचे जखमी, युद्धकैदी आणि नागरिक.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. ज्याची बाजू न्याय्य आहे, त्यालाही कैद्याला गोळी घालता येत नाही. मेरॉन यांच्या आयुष्यभराच्या कामाचा हा पाया आहे. तो पक्का समजला नाही, तर पुढचे सगळे वाद 'कोण कोणाच्या बाजूचा' एवढ्यावरच येऊन थांबतात.

१९६७ चं ते गोपनीय मत काय होतं?

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, गाझा, सिनाई आणि गोलान टेकड्या ताब्यात घेतल्या. तिथे नागरी वसाहती उभारता येतील का, अशी विचारणा पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या कार्यालयाकडून सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाकडे आली. कायदा सल्लागार होते सदतीस वर्षांचे मेरॉन. त्यांनी अति गोपनीय शेऱ्याखाली उत्तर दिलं: ताब्यातल्या प्रदेशात नागरी वसाहत करणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या स्पष्ट तरतुदींच्या विरुद्ध आहे.

आधार होता कलम ४९ चा सहावा परिच्छेद. ताबा घेणाऱ्या सत्तेने आपल्या नागरी लोकसंख्येचा भाग त्या प्रदेशात नेऊन वसवू नये, असं तो सांगतो. मेरॉन यांनी त्याचा अर्थ लावताना कुठलीही पळवाट ठेवली नाही. ही बंदी बिनशर्त आहे, स्थलांतर कशासाठी केलं, हेतू काय होता, याने फरक पडत नाही, असं त्यांनी लिहिलं.

पश्चिम किनाऱ्यावर जॉर्डनचं सार्वभौमत्व जगाने फारसं मान्य केलेलं नव्हतं, म्हणून हा 'नेहमीसारखा' व्याप्त प्रदेश नाही, असा युक्तिवाद तेव्हाच तयार होत होता. तो जग स्वीकारणार नाही, हे मेरॉन यांनी सांगितलं आणि स्वतःच्याच सरकारचा कागद पुढे ठेवला. जूनमध्ये प्रदेशात शिरताना इस्रायली लष्कराने काढलेल्या आदेशात लष्करी न्यायालयांनी जिनिव्हा कराराचं पालन करावं असं म्हटलेलं होतं. तुम्हीच हा प्रदेश व्याप्त धरून चालला आहात, मग आता उलट कसं बोलणार? मला या मतातला हा भाग सर्वात धारदार वाटतो. त्यात नैतिकतेचं भाषण नाही. वकिलाने स्वतःच्या अशिलाला दाखवलेली त्याचीच सही आहे.

त्याच कागदात आणखी एक गोष्ट आहे, ती बरेच जण वगळतात. वसाहत करायचीच असं ठरलं, तर ती नागरी संस्थांनी न करता लष्कराने, छावणीच्या स्वरूपात आणि तात्पुरती करावी, असंही त्यांनी सुचवलं होतं. तेव्हाही खासगी मालमत्तेला हात लावता येणार नाही, हे बजावलं होतं. सल्लागार सरकारला फक्त 'नाही' म्हणून थांबत नाही, कायद्याच्या आत काय शक्य आहे तेही सांगतो. पण याच फटीचा पुढे वापर झाला.

सरकारने ऐकलं का?

नाही. सप्टेंबर संपायच्या आत पश्चिम किनाऱ्यावरची कफार एत्झिओनची वसाहत पुन्हा उभी राहिली. जाहीर करताना ती लष्करी ठाणं असल्याचं सांगितलं गेलं, राहायला गेले ते नागरिक. त्यानंतरच्या दशकांत वसाहतींमधली लोकसंख्या लाखांवर गेली. मेरॉन यांचं मत सरकारी दप्तरात पडून राहिलं. २००६ च्या सुमारास एका इस्रायली पत्रकाराच्या संशोधनातून ते लोकांपुढे आलं, तेव्हा मेरॉन हेगमध्ये न्यायाधीश होते. चाळीस वर्षांनंतर त्यांना विचारलं तेव्हाही, आजही हेच मत देईन, असं त्यांनी सांगितलं. २०१७ मध्ये, युद्धाला पन्नास वर्षं होत असताना, त्यांनी या विषयावर स्वतःच्या नावाने सविस्तर लेख लिहिला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलने पश्चिम किनाऱ्यावर बांधलेल्या भिंतीसंबंधीच्या २००४ च्या सल्लामतात आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये वसाहती कराराच्या विरुद्ध असल्याचंच म्हटलं. मेरॉन यांनी एकट्याने लिहिलेल्या त्या कागदावरचा निष्कर्ष आज जगातल्या बहुसंख्य कायदेतज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

मग त्यांनी राजीनामा का दिला नाही?

विद्यार्थी हा प्रश्न जरा रागानेच विचारतात आणि तो राग मला समजतो. १९६८ मध्येही त्यांनी घरं पाडणं आणि लोकांना हद्दपार करणं यावर सरकारला न आवडणारं मत दिलं. तरीही ते सेवेत राहिले, राजदूत झाले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडून प्राध्यापकीकडे वळले.

सल्लागाराचं काम निर्णय घेण्याचं नसतं. कायदा काय म्हणतो ते न घाबरता, न वळवता लेखी देणं हे त्याचं काम. लेखी दिलेलं मत उरतं, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. सरकारला हवं तसं मत लिहून देणारे कायदेपंडित प्रत्येक देशात भेटतात. नको असलेलं मत स्वच्छ शब्दांत लिहून खाली सही करणारा माणूस दुर्मीळ असतो. एवढं पुरेसं होतं का, यावर मतभेद राहतील. मी तरी ते कमी लेखणार नाही.

विद्वान म्हणून त्यांचं मुख्य योगदान कोणतं?

एका वाक्यात सांगायचं तर प्रथाजन्य कायदा. पण ते वाक्य उलगडावं लागेल.

करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. प्रथेतून आलेला कायदा सगळ्यांना बांधतो. प्रथा सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात: देश तसं वागतात, आणि कायद्याने तसं वागणं भाग आहे असं मानून वागतात. युद्धाच्या कायद्यात पहिली गोष्ट दाखवताना पंचाईत होते. जिनिव्हा करारांवर जवळजवळ सगळ्यांनी सही केली आहे, त्यामुळे बाहेर राहून तसं वागणारे उरतात किती? आणि रणांगणावर पाहावं, तर नियम मोडलेलेच जास्त दिसतात. मग प्रथा कुठून आणायची?

१९८६ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध केलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जिनिव्हा करारांतली मूलभूत तत्त्वं करारापलीकडेही लागू आहेत असं सांगितलं. पण ती प्रथा कशी झाली, याचे पुरावे काही मांडले नाहीत. मेरॉन यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. निष्कर्ष पटतो, वाट दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९८७ चा लेख आणि १९८९ चं पुस्तक यांत त्यांनी ती वाट स्वतः आखायला घेतली. सैन्याची नियमपुस्तकं पाहा, देश एकमेकांचा निषेध करताना कोणत्या शब्दांत करतात ते पाहा, आरोप झाल्यावर काय उत्तर देतात ते पाहा. कैद्यांचा छळ केल्याचा आरोप झाला, तर कुठलंही सरकार 'छळ करायचा आम्हाला हक्क आहे' असं म्हणत नाही. ते नाकारतं, लपवतं, सबबी सांगतं. त्या नकारातच नियमाची कबुली असते.

हे सगळं ग्रंथालयापुरतं राहिलं असतं. पण मे १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण स्थापन केलं. गुन्हा घडला तेव्हा तो गुन्हा नव्हता असं आरोपीला म्हणता येऊ नये, म्हणून जे नियम निःसंशय प्रथाजन्य आहेत तेच लावायचे, असं संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या अहवालात म्हटलं होतं. एका रात्रीत मेरॉन यांचा विषय खटल्यांच्या मध्यभागी आला.

अंतर्गत संघर्षाचंही तसंच. एका देशाच्या आतल्या युद्धात केलेले अत्याचार आंतरराष्ट्रीय गुन्हे ठरतात का, यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गंभीर शंका होती. १९९५ मध्ये मेरॉन यांनी 'ठरतात' असं सविस्तर मांडलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, अंतोनिओ कासेसे अध्यक्ष असलेल्या न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने बोस्नियन सर्ब आरोपी तादिच याच्या खटल्यात तोच दरवाजा उघडला. बोस्नियातल्या स्त्रियांवरच्या बलात्कारांच्या बातम्या येत असताना, १९९३ मध्ये, बलात्कार हा युद्धाच्या कायद्याखालचा गुन्हा म्हणून कसा चालवता येईल यावरही त्यांनी लिहिलं. चौथ्या कराराच्या कलम २७ मध्ये बलात्काराला बंदी आहे, पण गंभीर उल्लंघनांच्या यादीत तो शब्द नाही. ही उणीव त्यांनी दाखवली आणि ती कशी भरता येईल तेही सांगितलं.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

चांगलाच आहे, आणि त्याची सुरुवात गोव्यापासून होते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. गोव्यातल्या एका पाद्रींनी त्यानंतर पोर्तुगीज नागरिकत्व ठेवायचा पर्याय निवडला. राहण्याचा परवाना संपल्यावर त्यांनी नूतनीकरण केलं नाही, देश सोडण्याचा आदेश पाळला नाही, आणि परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला. बचाव असा होता: गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, मी चौथ्या जिनिव्हा कराराने संरक्षित व्यक्ती आहे, मला बाहेर काढता येणार नाही. आधार पुन्हा कलम ४९, पण पहिला परिच्छेद. लोकांना प्रदेशाबाहेर हाकलायला तो बंदी घालतो. मेरॉन यांनी ज्यावर बोट ठेवलं तो परिच्छेद उलट दिशेचा, आपले लोक आत आणण्याचा.

१९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य या निकालात हा बचाव फेटाळला. ताबा ही युद्धकाळातली तात्पुरती स्थिती आहे, गोवा भारतात विलीन झाल्यावर ती संपली आणि तिच्याबरोबर कराराचं संरक्षणही संपलं, असं न्यायालयाने म्हटलं. विलीनीकरणाने संरक्षण जात नाही असं सांगणारं कलम ४७ न्यायालयाने लढाई चालू असताना घाईने केलेल्या विलीनीकरणापुरतं वाचलं. १९६० चा आपला जिनिव्हा करार अधिनियम उल्लंघनाला शिक्षा सांगतो, पण व्यक्तीला स्वतंत्र दाद मागायची सोय देत नाही, हेही त्यात आलं. व्याप्त प्रदेशाचा कायदा शिकवताना आपल्याकडे दूरदेशीची उदाहरणं दिली जातात आणि पणजीचं हे उदाहरण राहून जातं, याची मला खंत आहे. मेरॉन यांचं मत आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचले, की ताबा कधी सुरू होतो आणि कधी संपतो, या एका प्रश्नावर केवढं काय अवलंबून असतं ते कळतं.

दुसरा संबंध आजचा. भारत १९४९ च्या चारही करारांत आहे, १९७७ च्या अतिरिक्त नियमावल्यांत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचाही भारत सदस्य नाही. मग नागरी वस्ती आणि लष्करी लक्ष्य यांत भेद करण्याचे तपशीलवार नियम आपल्याला लागू आहेत का? करारातून नसतील, तर प्रथेतून. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ मध्ये असे १६१ नियम संकलित केले. एखादा नियम खरोखर प्रथा आहे का, हे तपासायची जी पद्धत मेरॉन यांनी घासूनपुसून पुढे आणली, तिची गरज आपल्यासारख्या देशात जास्त आहे.

यात शेक्सपिअर कुठून आला?

मेरॉन यांना मध्ययुगीन शौर्यसंहितेत फार रस. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईत इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने फ्रेंच कैद्यांना ठार करण्याचा हुकूम दिला. शेक्सपिअरच्या नाटकातही तो प्रसंग आहे. त्या काळच्या युद्धनियमांनुसार तो हुकूम समर्थनीय होता का, धोका खरा होता का, राजाला जबाबदार धरता येईल का, अशा अंगाने मेरॉन यांनी नाटक आणि इतिहास दोन्ही तपासले. १९९२ मध्ये लेख आणि १९९३ मध्ये पुस्तक आलं. हा कायदा १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारातून अचानक उगवला नाही, त्यामागे शतकांची रीत आहे, हे त्यातून ठसतं. सेनापतीच्या जबाबदारीवर त्यांनी पुढे दिलेले निकाल वाचण्याआधी हा लेख जरूर वाचावा.

न्यायाधीश म्हणून कोणता निकाल सर्वात महत्त्वाचा?

क्रस्टिच खटल्याचं अपील, १९ एप्रिल २००४. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात बोस्नियाच्या सर्ब फौजांनी सात-आठ हजार मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले. राडिस्लाव क्रस्टिच हे तिथल्या सैन्यदलाचे अधिकारी. प्रश्न होता: एका गावातल्या पुरुषांना मारणं हा एका समूहाचा 'अंशतः' नाश होतो का? अपील पीठाने म्हटलं, होतो. तो अंश संपूर्ण समूहाच्या अस्तित्वाच्या दृष्टीने लक्षणीय असला पाहिजे, आणि स्रेब्रेनित्साचे सुमारे चाळीस हजार मुस्लीम तसे होते. कायदा या घटनेला तिच्या योग्य नावाने हाक मारतो, ते नाव वंशसंहार, असं निकालात स्पष्ट लिहिलं गेलं. मेरॉन पीठाचे अध्यक्ष होते. दोन महिन्यांनी स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत जाऊन त्यांनी हाच भाग वाचून दाखवला.

त्याच निकालात क्रस्टिच यांची शिक्षा ४६ वर्षांवरून ३५ वर्षं झाली, याचा विसर पडू देऊ नये. त्यांचा स्वतःचा नाशाचा हेतू सिद्ध होत नाही, दुसऱ्यांचा हेतू माहीत असून त्यांनी साहाय्य केलं, असं पीठाने ठरवलं. गुन्ह्याचं नाव पूर्ण जोराने घ्यायचं, पण समोरच्या माणसावर पुराव्यापेक्षा रतीभरही जास्त लादायचं नाही. मेरॉन यांच्या न्यायाधीशपणातली ही रीत पुढच्या वादांमध्येही दिसते.

२०० मीटरचा वाद काय आहे?

ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाने 'वादळ' मोहीम काढून सर्ब बंडखोरांच्या ताब्यातला क्रायिना भाग परत घेतला. क्निनसह चार गावांवर तोफांचा मारा झाला. दीड-दोन लाख सर्ब लोक घरंदारं सोडून निघाले. क्रोएशियाचे जनरल आंटे गोटोव्हिना यांना २०११ मध्ये २४ वर्षांची आणि म्लाडेन मार्काच यांना १८ वर्षांची शिक्षा झाली.

खालच्या पीठाने एक मोजपट्टी वापरली होती. कायदेशीर लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या पलीकडे पडलेला गोळा मुद्दाम नागरी वस्तीवर टाकलेला धरायचा. तोफेचा गोळा ठरल्या जागीच पडेल असं नसतं: वारा, अंतर, तापमान, तोफेची अवस्था, सगळ्याने फरक पडतो. तज्ज्ञांनी साक्षीत चुकीची मर्यादा वेगवेगळी सांगितली होती. २०० हा आकडा त्यातल्या कोणत्याच पुराव्याशी जोडलेला नव्हता. अपील पीठाचे पाचही न्यायाधीश या मुद्द्यावर एकमत होते: मोजपट्टी टिकत नाही.

फूट पडली ती पुढच्या पायरीवर. मेरॉन आणि आणखी दोघांनी म्हटलं, मोजपट्टी गेली तर बेकायदा माऱ्याचा निष्कर्ष जातो, आणि सर्बांना हाकलण्याचा सामायिक कट त्याच निष्कर्षावर उभा होता, म्हणून तोही जातो. १६ नोव्हेंबर २०१२ ला दोघेही सुटले. कार्मेल एजियस आणि फाउस्टो पोकार यांनी कडक भिन्नमत दिलं. गावं तोफांच्या माऱ्याखाली घ्या, असा गोटोव्हिनांचा लेखी आदेश होता, इतर पुरावे होते, ते नव्याने तोलायला नकोत का, असा त्यांचा सवाल होता. न्यायाच्या कुठल्याही कल्पनेशी हे विसंगत आहे, इथपर्यंत पोकार गेले.

माझं मत विचाराल तर पहिली पायरी बिनतोड आहे. कुठून आला हे सांगता न येणाऱ्या आकड्यावर माणसाला चोवीस वर्षं तुरुंगात ठेवता येत नाही. दुसऱ्या पायरीवर बहुमत घाईने चढलं. आदेश आणि बाकीचे पुरावे एकत्र तोलून मग निर्दोष ठरवलं असतं, तर निकाल तोच आला असता तरी अधिक वजनदार ठरला असता. झाग्रेबमध्ये जल्लोष झाला, बेलग्रेडमध्ये संताप. ज्यांची घरं जळाली त्यांना मात्र या निकालातून काहीच मिळालं नाही.

त्यांनी सहकाऱ्यांवर दबाव आणल्याचा आरोप झाला होता ना?

झाला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये, बोस्नियातल्या सर्ब फौजांना मदत पुरवल्याचा आरोप असलेले युगोस्लाव्ह लष्करप्रमुख मोम्चिलो पेरिशिच अपिलात सुटले. मदत पुरवणाऱ्याला दोषी धरायचं, तर त्याची मदत गुन्ह्याच्याच रोखाने दिलेली असली पाहिजे, असा निकष बहुमताने लावला. त्यानंतर जूनमध्ये न्यायाधिकरणातले डॅनिश न्यायाधीश फ्रेडरिक हारहॉफ यांनी परिचितांना पाठवलेलं खासगी पत्र वृत्तपत्रांत आलं. मेरॉन यांनी सहकाऱ्यांवर निर्दोष सोडण्यासाठी दबाव आणला, त्यामागे बड्या देशांच्या लष्करांचं हित असावं, असा त्याचा सूर होता. आरोपाला पुरावा पुढे आला नाही. हारहॉफ यांनाच पूर्वग्रह दिसतो या कारणाने सर्ब नेते शेशेल्य यांच्या खटल्यातून दूर करण्यात आलं.

कायद्याच्या अंगाने मात्र पेरिशिचचा निकष फार टिकला नाही. सिएरा लिओनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या प्रकरणात तो नाकारला, आणि जानेवारी २०१४ मध्ये मेरॉन यांच्याच न्यायाधिकरणाच्या दुसऱ्या अपील पीठाने तो चूक ठरवला. २०१८ मध्ये बोस्नियातल्या सर्बांचे लष्करप्रमुख म्लाडिच यांच्या अपिलातून मेरॉन यांना दूर करण्यात आलं आणि त्यांचे राजकीय नेते कराजिच यांच्या अपिलातून मेरॉन स्वतः बाजूला झाले. हे दोन्ही अर्ज बचाव पक्षांचे होते. एका बाजूला सर्बांना सोडल्याचा राग, दुसऱ्या बाजूला सर्बांविरुद्ध पूर्वग्रह असल्याचा अर्ज.

कैद्यांना मुदतीआधी सोडल्याबद्दलही टीका होते, ती योग्य आहे का?

बऱ्याच अंशी, होय. दोन तृतीयांश शिक्षा भोगलेल्या कैद्यांना अध्यक्ष या नात्याने मेरॉन सोडत गेले, आणि रवांडात याचा तीव्र निषेध झाला. पीडितांना आधी कळवणं, अटी घालणं, पश्चात्ताप तपासणं, हे पुरेसं झालं नाही असं मलाही वाटतं. सर्व कैद्यांना एकच माप लावायचं हे तत्त्व बरोबर. पण वंशसंहाराचा दोषी आणि सामान्य गुन्हेगार यांना एकच माप लावावं का, याचं उत्तर त्या आदेशांतून मिळत नाही.

२०२४ मध्ये त्यांचं नाव पुन्हा बातम्यांत का आलं?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अभियोक्ता करीम खान यांनी गाझा आणि इस्रायलमधल्या घटनांबाबत स्वतंत्र तज्ज्ञांचं मत घेतलं, त्या गटात चौऱ्याण्णव वर्षांचे मेरॉन होते. हमासचे तीन नेते, आणि इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू व संरक्षणमंत्री गॅलंट यांनी गुन्हे केल्याचं मानायला वाजवी आधार आहे, असं गटाने एकमताने सांगितलं. २० मेला अटक वॉरंटची मागणी झाली, २१ नोव्हेंबरला नेतान्याहू, गॅलंट आणि हमासचे दैफ यांच्याविरुद्ध वॉरंट निघाली. ज्या सरकारला त्यांनी १९६७ मध्ये खासगीत सांगितलं होतं, त्याच देशाच्या पंतप्रधानाबद्दल आता जाहीरपणे. दोन्ही वेळा आधार चौथ्या कराराने जपलेल्या नागरिकांचा होता.

या विषयाचा अभ्यास कुठून सुरू करू?

पाठ्यपुस्तकापासून करू नका. आधी चौथ्या जिनिव्हा कराराची कलमं २७, ४७ आणि ४९ मुळातून वाचा, ती मिळून दोन पानं होत नाहीत. मग मोंतेरो निकाल, तो कुठल्याही विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळेल. त्यानंतर क्रस्टिच आणि गोटोव्हिना यांची अपील निकालपत्रं, दोन्ही न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गोटोव्हिना वाचताना बहुमत आणि भिन्नमतं एकाच बैठकीत वाचा, नाहीतर जे आधी वाचाल तेच खरं वाटेल.

महाविद्यालयात असाल, तर रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहभागाने होणाऱ्या हेन्री द्युनाँ स्मृती अभिरूप न्यायालय स्पर्धेत उतरा. एकदा आरोपीच्या बाजूने आणि एकदा अभियोक्त्याच्या बाजूने उभं राहिलात, की २०० मीटरचा प्रश्न किती अवघड होता ते आपोआप समजेल. आणि फ्रेंच शिकायला आजच घ्या. हेगला अर्ज करताना तिचा उपयोग होतो, आणि आपल्याकडचे बरेच हुशार उमेदवार तिथेच मागे पडतात.